जुन्या सेंट्रल एसीचे निदान: टेक्सासमधल्या एका उन्हाळ्याची नोंद

डॅलसच्या उत्तरेला कॉलिन काउंटीत आमचे घर आहे. ते २००६ साली बांधलेले असून आम्ही २०१९ मध्ये विकत घेतले, आणि घराबरोबरच बांधकामाच्या वर्षीच बसवलेला चार टनांचा सेंट्रल एसीही आमच्या पदरात पडला. मे २०२५ मध्ये त्याने नीट थंड करणे सोडले. तेव्हापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत काय काय करावे लागले, किती पैसे गेले आणि कोणत्या क्रमाने शोध घेतला, ते येथे लिहितो आहे. भारतात वाढलेल्या आपल्या बहुतेकांना भिंतीवरचा किंवा खिडकीतला एसी ठाऊक असतो. त्याचा सगळा कारभार डोळ्यांसमोर चालतो आणि मेकॅनिक काय करतो आहे हेही दिसते. इथे मात्र यंत्राचा काही भाग घराबाहेर, काही छताखालच्या अ‍ॅटिकमध्ये आणि उरलेला भिंतींच्या आत असतो, त्यामुळे बिघाड झाला की माणूस पुरता परस्वाधीन होतो.

म्हणून आधी रचना थोडक्यात सांगतो. घराबाहेर, भिंतीलगत सिमेंटच्या चौथऱ्यावर एक मोठा चौकोनी डबा असतो. त्यात कॉम्प्रेसर, पंखा आणि चारही बाजूंनी गुंडाळलेली कंडेन्सर कॉइल असते. टेक्सासमधल्या अनेक घरांत अ‍ॅटिकमध्ये गॅसवर चालणारी, हिवाळ्यात घर तापवणारी फर्नेस आडवी ठेवलेली असते. तिच्यातलाच ब्लोअर उन्हाळ्यात एसीसाठी हवा ढकलतो आणि तिच्या तोंडाशी थंड होणारी इव्हॅपोरेटर कॉइल बसवलेली असते. घरातली हवा एका मोठ्या जाळीतून, म्हणजे रिटर्नमधून, फिल्टरमार्गे वर ओढली जाते, कॉइलवरून थंड होऊन जाते आणि अ‍ॅटिकमध्ये पसरलेल्या लवचिक डक्टमधून प्रत्येक खोलीतल्या व्हेंटपर्यंत पोहोचते. थंड हवा वाहून नेणाऱ्या या नळ्या घरातल्या सर्वांत तापलेल्या जागेतून जातात, कारण उन्हाळी दुपारी अ‍ॅटिकचे तापमान १३० फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे ५४ सेल्सियसच्या, पुढे सहज जाते. ही रचना कोणाच्या डोक्यातून निघाली असेल, असा प्रश्न मला आजही पडतो.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात तक्रार सुरू झाली ती वरच्या मजल्यावरून. नागपूरहून आलेले आईबाबा त्या खोलीत राहत होते. ज्यांनी आयुष्यभर मे महिना डेझर्ट कूलरवर काढला त्यांनी एके सकाळी ‘रात्री खूप उकडतं रे’ असे म्हटल्यावर दुर्लक्ष करणे शक्य नव्हते. खालच्या थर्मोस्टॅटवर, म्हणजे तापमान ठरवणाऱ्या बटणावर, ७६ फॅरनहाइट लावलेले असताना वरच्या खोलीत संध्याकाळी ८३ दिसत होते, आणि थर्मोस्टॅटजवळचा आकडाही दुपारनंतर ८० पर्यंत चढत होता. बाबांचा सल्ला अर्थातच कूलर आणण्याचा होता. मात्र कूलरला बाहेर जाणारी हवा लागते आणि तो घरात दमटपणा वाढवतो, तर सेंट्रल एसीचे घर बंद ठेवून आतला दमटपणा काढायचा असतो, हे त्यांना समजावण्यात एक संध्याकाळ गेली.

कोणालाही बोलावण्याआधी मी वीज वापराची नोंद पाहिली. टेक्सासच्या ज्या भागांत ग्राहकाला वीज कंपनी निवडता येते, तिथल्या बहुतेक घरांना ‘स्मार्ट मीटर टेक्सास’ या संकेतस्थळावर विनामूल्य खाते उघडता येते. त्यासाठी बिलावरचा ईएसआय क्रमांक लागतो, आणि नंतर दर पंधरा मिनिटांचा वापर दिसतो. आमच्या यंत्राला चालताना पंधरा मिनिटांत साधारण एक युनिट लागते. आधीच्या वर्षीच्या तशाच दिवसांत हा आलेख करवतीच्या दात्यांसारखा वरखाली होत होता, कारण यंत्र अधूनमधून थांबत होते. यंदा दुपारी एकपासून रात्री अकरापर्यंत रेषा वर जाऊन तिथेच सपाट राहिलेली होती. यंत्र अखंड चालत होते, वीज खात होते आणि तरीही घर थंड होत नव्हते. पुढे ज्यांच्याशी बोललो त्यांना हा आलेख दाखवला की ‘तुमचा थर्मोस्टॅट बिघडला असेल’ हा विषय तिथेच संपत असे.

एक खुलासा इथेच करायला हवा. यंत्राची क्षमता त्या भागातल्या नेहमीच्या कडक उन्हाळ्याचा हिशेब धरून ठरवतात, वर्षातल्या सर्वांत तापलेल्या दिवसाचा नव्हे. डॅलससाठी तो हिशेब शंभर फॅरनहाइटच्या आसपासचा असतो. बाहेर १०५ असताना निरोगी यंत्रही घरात दोन-तीन अंश मागे पडू शकते, आणि त्यासाठी मेकॅनिकला बोलावण्यात अर्थ नाही. आमच्याकडे बाहेर ९५ च्या आसपास असताना यंत्र हरत होते, म्हणून काळजी रास्त होती.

शनिवार, १७ मे रोजी पहिले मोजमाप घेतले. स्वयंपाकघरातला सुईचा डिजिटल थर्मामीटर यासाठी पुरतो. यंत्र किमान पंधरा मिनिटे चालू द्यावे, मग रिटर्नच्या जाळीशी शिरणाऱ्या हवेचे तापमान आणि फर्नेसला सर्वांत जवळ असलेल्या व्हेंटमधून येणाऱ्या हवेचे तापमान घ्यावे. दोहोंतला फरक साधारण १६ ते २२ फॅरनहाइट असावा. आमच्याकडे दुपारी चार वाजता तो ११ होता. रात्री, बाहेर गारवा आल्यावर, तोच १५ झाला. बाहेर तापल्यावर फरक इतका घसरतो, याचा अर्थ बाहेरच्या डब्याला उष्णता टाकताना त्रास होतो आहे, असा अंदाज बांधता येतो. तो निव्वळ अंदाज होता, पण सुरुवात कुठून करायची हे त्याने ठरवले.

त्याच दिवशी फिल्टर काढला. तो एक इंच जाडीचा आणि मर्व्ह १३ दर्जाचा होता. मर्व्हचा आकडा जितका मोठा तितका फिल्टर बारीक धूळ पकडतो आणि हवेला तितकाच अडवतोही. चार टनांच्या यंत्राला टनामागे ४०० या नेहमीच्या हिशेबाने मिनिटाला १६०० घनफूट हवा लागते. ती वीस बाय पंचवीस इंचांच्या एकाच जाळीतून आणि इतक्या दाट, पातळ फिल्टरमधून ओढायची म्हणजे ब्लोअरची दमछाक होणारच. मर्व्ह ८ चा साधा फिल्टर लावला. रिटर्नजवळचा शिट्टीसारखा आवाज लगेच कमी झाला, तापमानातला फरक मात्र जेमतेम एक अंशाने हलला.

मग बाहेरचा डबा. कपडे वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा बाहेर टाकणारी नळी आमच्याकडे कंडेन्सरपासून चार-पाच फुटांवरच उघडते, आणि तिच्यातून उडालेला कापसाचा बारीक भुगा कॉइलच्या एका बाजूवर करड्या नमद्यासारखा साचलेला होता. हे काम घरी करता येते, फक्त क्रम पाळावा लागतो. आधी थर्मोस्टॅट बंद करावा, मग ब्रेकर पाडावा, आणि त्यानंतर डब्याशेजारी भिंतीवर असलेल्या छोट्या पेटीतला डिस्कनेक्ट, म्हणजे वीज तोडणारी खुंटी, ओढून काढून खिशात ठेवावा, म्हणजे घरातल्या कोणी चुकून वीज चालू करण्याचा प्रश्न उरत नाही. सुका भुगा मऊ ब्रशने पट्ट्यांच्या उभ्या दिशेने काढून मग बागेच्या नळीने सौम्य धारेने धुवावे. प्रेशर वॉशर वापरू नये, कारण अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या आडव्या पडतात आणि मग हवा कायमचीच अडते. दुसऱ्या दिवशी दुपारी फरक १३ वर आला. सुधारणा होती, पण अपुरी.

नामफलकाचा फोटोही तेव्हाच काढून ठेवला. त्यावर मॉडेल, सिरियल क्रमांक, विजेचे आकडे, थंड करण्यासाठी कारखान्यात भरलेल्या गॅसचे वजन आणि गॅसचा प्रकार लिहिलेला असतो. आमच्यावर ‘एचसीएफसी-२२’ होते, ज्याला सगळे आर-२२ म्हणतात. ओझोनच्या थराला अपाय करणारा हा गॅस अमेरिकेत २०१० पासून नव्या यंत्रांसाठी बंद झाला, आणि १ जानेवारी २०२० पासून त्याचे उत्पादन व आयातही थांबली. जुनी यंत्रे वापरणे किंवा दुरुस्त करणे बेकायदा नाही. मात्र भरण्यासाठी मिळतो तो जुन्या साठ्यातला किंवा जुन्या यंत्रांतून काढून शुद्ध केलेला गॅस, आणि तो फक्त पर्यावरण संस्थेचे, म्हणजे ईपीएचे, ‘कलम ६०८’ प्रमाणपत्र असलेल्या तंत्रज्ञालाच विकत घेता येतो. फलकावरची ही एक ओळ पुढच्या प्रत्येक संभाषणात निर्णायक ठरणार होती.

मेमोरियल डेच्या लांब सुटीच्या तोंडावर, २३ मे रोजी, एका मोठ्या जाहिरातीच्या कंपनीचा माणूस आला. तपासणीचे ८९ डॉलर ठरले होते. त्याने बाहेरच्या नळ्यांना गॅसचा दाब मोजणारे गेज लावले, काही मिनिटांत गॅस कमी असल्याचे सांगितले, यंत्र एकोणीस वर्षांचे आणि त्यात आर-२२ असल्याची आठवण करून दिली, आणि टॅब्लेटवर नव्या यंत्राची १४,८०० डॉलरची किंमत उघडून सही आजच केल्यास दीड हजाराची सूट असल्याचे सांगितले. तो अ‍ॅटिकमध्ये चढला नाही. व्हेंटमधल्या हवेचे तापमानही त्याने घेतले नाही. गेजवरचे आकडे लिहून मागितल्यावर त्याने ‘कार्यालयातून ईमेल येईल’ असे सांगितले, आणि जो ईमेल आला त्यात फक्त किंमत होती. न्याय म्हणून हेही नोंदवतो की गॅस कमी असण्याबद्दल तो सर्वस्वी खोटे बोलत नव्हता. ते पुढे कळेलच.

त्या सुटीत मी परवान्यांची माहिती वाचून काढली. टेक्सासमध्ये एसीच्या कंत्राटदाराला टीडीएलआर या राज्य विभागाचा परवाना लागतो. परवान्याचा क्रमांक टीएसीएलए किंवा टीएसीएलबी या अक्षरांनी सुरू होतो, तो गाडीवर आणि बिलावर असावा लागतो, आणि विभागाच्या संकेतस्थळावर टाकला की परवाना चालू आहे की नाही ते दिसते. माणूस दारात येण्याआधी करायची ही दोन मिनिटांची गोष्ट आहे. ज्याने फोनवर क्रमांक द्यायला कुरकुर केली, त्याला मी पुन्हा फोन केला नाही.

आमच्याकडे होम वॉरंटी, म्हणजे घरातल्या यंत्रांच्या दुरुस्तीचा करारही होता, म्हणून २७ मे रोजी तिथे दावा नोंदवला. शंभर डॉलरचे शुल्क आधीच भरावे लागते, आणि माणूस मिळाला तो ३ जूनला. मधल्या काळात कंपनीने मागच्या देखभालीच्या पावत्या मागितल्या. आधीच्या दोन हिवाळ्यांतल्या पावत्या ईमेलमध्ये सापडल्या म्हणून दावा पुढे सरकला. एरवी ‘देखभालीअभावी बिघाड’ या कारणाखाली तो तिथेच मिटला असता, असे फोनवरच्या बाईंच्या बोलण्यावरून स्पष्ट दिसत होते. करारातले बारीक अक्षरही तेव्हाच वाचले. आर-२२ साठी दर पौंडाला दहा डॉलरच मिळणार होते आणि त्यावरचा सगळा भार आमचा होता. ज्यांच्याकडे अशी वॉरंटी आहे त्यांनी निदान हा परिच्छेद उन्हाळ्याआधी शोधून ठेवावा.

३ जूनला आलेला तंत्रज्ञ अबोल होता, पण त्याने पहिल्या माणसाने न उघडलेली झाकणे उघडली. बाहेरच्या पंख्याकडे पाहून तो म्हणाला की हा मंद फिरतो आहे. कॉम्प्रेसर आणि पंखा या दोहोंसाठी मिळून एकच गोल कपॅसिटर, म्हणजे मोटरला जोर देणारा विजेचा छोटा डबा, असतो. आमच्यावर ४५ आणि ५ मायक्रोफॅरड लिहिले होते, आणि मीटरवर ४३.५ आणि ३.१ आले. पहिला आकडा चालण्याजोगा होता, पंख्याचा मात्र लेबलवर दिलेल्या सहा टक्क्यांच्या सवलतीच्या कितीतरी खाली गेलेला होता. कपॅसिटर अशक्त झाला की पंख्याची मोटर गरम होते, वेग घटतो, कॉइलवरून हवा कमी जाते, आतला दाब वाढतो आणि यंत्र ऐन दुपारी, गरज सर्वाधिक असताना, सर्वांत कमी काम करते. माझे दुपारचे आणि रात्रीचे आकडे इतके वेगळे का होते ते तिथे उलगडले. कॉन्टॅक्टरमध्ये, म्हणजे बाहेरच्या डब्याची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचमध्ये, मुंग्या मरून पडलेल्या होत्या, त्याही त्याने साफ केल्या. टेक्सासमध्ये हा नेहमीचा प्रकार आहे म्हणे.

कपॅसिटर बाजारात वीस-पंचवीस डॉलरला मिळतो आणि बदलण्याच्या चित्रफितीही भरपूर आहेत. तरीही ज्यांना विजेच्या कामाची सवय नाही त्यांनी त्यात हात घालू नये, असे माझे ठाम मत आहे. वीज बंद केल्यावरही त्यात भार शिल्लक राहतो आणि तो धक्का गंभीर असू शकतो. आमच्याकडे तो बदल वॉरंटीच्या शुल्कात झाला. त्या दुपारी फरक १५ वर गेला. खालचा मजला ७७ वर स्थिरावला, वर आईबाबांच्या खोलीत मात्र अजूनही ८२ होते.

यंत्र सुधारले तरी एकच खोली तापते म्हणजे कारण वाटेत असणार. १४ जूनच्या सकाळी सहा वाजता मी अ‍ॅटिकमध्ये चढलो. वेळ महत्त्वाची आहे. नऊनंतर तिथे काम करू नये, घरातल्या कोणाला तरी खाली उभे ठेवावे, आणि पाय फक्त लाकडी तुळयांवरच ठेवावेत, कारण मधल्या भागात निव्वळ छताचे जिप्सम बोर्ड असते. मास्क, लांब बाह्यांचा सदरा आणि डोक्याला लावायचा दिवा हवा. यंत्र चालू ठेवून एकेका डक्टवरून हात फिरवत गेलो, आणि वरच्या खोलीकडे जाणाऱ्या नळीच्या जोडापाशी गार वारा गुडघ्यावर लागला. प्लास्टिकचा बंद वाळून तुटलेला, चिकटपट्टी सुटलेली आणि नळी कॉलरवरून, म्हणजे पत्र्याच्या गोल तोंडावरून, अर्धी खाली घसरलेली होती. त्या खोलीची निम्मी थंड हवा अ‍ॅटिकला मिळत होती.

नुकसान तेवढ्यावरच थांबत नाही. पुरवठ्याची हवा अ‍ॅटिकमध्ये सांडली की घरातून ओढलेली हवा तेवढ्या प्रमाणात घरात परतत नाही. घरात किंचित पोकळी तयार होते आणि बाहेरची गरम, दमट हवा दिव्यांच्या खोबणींतून व दारांच्या फटींतून आत ओढली जाते. साध्या घरांतल्या डक्टमधली वीस ते तीस टक्के हवा गळती आणि खराब जोडांमुळे वाया जाते, असे ऊर्जाबचतीचा ‘एनर्जी स्टार’ कार्यक्रम सांगतो. हे वाचले होते तेव्हा अतिशयोक्ती वाटली होती.

जोड पुन्हा कॉलरवर चढवून नायलॉनचा पट्टा आवळला, वरून मॅस्टिक म्हणजे डक्टसाठी मिळणारा दाट लेप फासला, आणि बाहेरचे आच्छादन ओढून बंद केले. ज्या करड्या कापडी पट्टीला सगळे ‘डक्ट टेप’ म्हणतात ती डक्टवर टिकत नाही. उष्णतेने तिचा डिंक वाळतो. ‘यूएल १८१’ छापलेली फॉइलची पट्टी मागून घ्यावी. सामानाला ४८ डॉलर लागले. त्याच फेरीत कॉइलखालच्या मोठ्या तव्यात गंजके पाणी दिसले, म्हणजे पाणी वाहून नेणारी मुख्य नळी तुंबायला आली होती. तिच्या उघड्या टोकातून कपभर व्हिनेगर ओतले. इथल्या अनेक घरांत या तव्याची दुसरी नळी मुद्दाम एखाद्या खिडकीच्या वर बाहेर काढलेली असते. त्या खिडकीवर पाणी टपकू लागले की मुख्य नळी तुंबली असे समजावे आणि छताला डाग पडायची वाट पाहू नये.

त्या संध्याकाळी वरच्या खोलीत ७९ आले. आईने पांघरूण मागितले नाही, पण तक्रारही केली नाही.

फरक अजून १५-१६ च्या वर जात नव्हता. जवळच राहणाऱ्या, तीस वर्षे टेक्सासमध्ये काढलेल्या एका मराठी काकांनी त्यांच्या ओळखीचा, एकट्याने धंदा करणारा तंत्रज्ञ सुचवला. त्याची फी १६५ डॉलर, पहिल्या कंपनीच्या जवळजवळ दुप्पट होती, आणि २० जूनपर्यंत थांबावे लागले. त्याने पहिला अर्धा तास गेजना हातही लावला नाही. फर्नेसच्या पत्र्याला दोन छोटी भोके पाडून त्याने ब्लोअरच्या आधीचा आणि नंतरचा हवेचा दाब मोजला. हा दाब पाण्याच्या स्तंभाच्या इंचांत मोजतात. फर्नेसच्या फलकावर कमाल ०.५ इंच लिहिलेले होते, प्रत्यक्षात ०.९२ आले. एवढ्या अडथळ्यात कॉइलवरून पुरेशी हवा जाऊच शकत नाही, असे सांगून त्याने बोट दाखवले ते रिटर्नकडे. चार टनांच्या यंत्राला बांधणाऱ्याने एकच जाळी दिलेली होती. घर नवे होते तेव्हापासून यंत्र गळा आवळलेल्या अवस्थेत चालत आले होते. नव्या ताकदीच्या दिवसांत ते झाकले गेले, वय झाल्यावर उघडे पडले.

गेजना उशीर का, असे विचारल्यावर त्याने जे समजावले ते या सगळ्या काळात कानावर पडलेले सर्वांत उपयोगी बोलणे होते. गॅस बरोबर आहे की नाही हे दाबावरून ठरवताना गृहीत धरलेले असते की दोन्ही कॉइलवरून ठरलेली हवा जाते आहे. बाहेरचा पंखा मंद असेल, कॉइल मळलेली असेल किंवा आत हवा कमी पडत असेल, तर गेजवरचे आकडे बदलतात आणि त्यांचा अर्थ चुकतो. म्हणून आधी फिल्टर, कॉइल, पंखा, डक्ट आणि दाब ही हवेची बाजू दुरुस्त करायची, आणि गॅसचा निवाडा सर्वांत शेवटी करायचा. २३ मे रोजी गेज लावले गेले तेव्हा यातली बहुतेक कारणे एकाच वेळी हजर होती. त्या स्थितीत काढलेला निष्कर्ष योग्य निघाला असता तरी तो योगायोगच ठरला असता.

२७ जूनला वरच्या मजल्याच्या बोळात दुसरा रिटर्न बसवला. खर्च ७२० डॉलर. छताला भोक, नवी जाळी, अ‍ॅटिकमधून फर्नेसपर्यंत सोळा इंचांची नळी, असे ते अर्ध्या दिवसाचे काम होते. अशा कामाला परवाना लागतो का हे मी आधी शहराच्या बांधकाम तपासणी विभागाला ईमेलने विचारले होते, आणि त्यांच्या उत्तराची प्रत तंत्रज्ञाच्या बिलाबरोबर ठेवली आहे. प्रत्येक शहराचे नियम निराळे असतात, त्यामुळे शेजारच्या शहरातल्या मित्राच्या अनुभवावर विसंबू नये. घर विकताना हे कागद मागितले जातात.

दाब ०.६४ वर उतरला. आता त्याने गेज लावले. आमच्या जुन्या यंत्रात गॅसचा प्रवाह ठरावीक आकाराच्या छिद्रातून नियंत्रित होतो, आणि अशा यंत्रांत सुपरहीट पाहतात. कॉइलमध्ये गॅस पूर्ण उकळून वायू झाल्यावर तो आणखी किती अंश तापतो, तो हा आकडा. बाहेर ९५ आणि आत ओले फडके गुंडाळलेल्या थर्मामीटरचे, म्हणजे दमटपणाही धरून मोजलेले, तापमान ६६ असताना तो ११-१२ असायला हवा होता. तो २७ निघाला. म्हणजे गॅस खरोखरच कमी होता. मग गळतीचा शोध सुरू झाला. इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर अ‍ॅटिकमधल्या कॉइलपाशी गप्प राहिला आणि बाहेरच्या व्हॉल्व्हपाशी वाजला. साबणाचे पाणी लावल्यावर तिथे बुडबुडे आले. गेज जोडण्याच्या तोंडात सायकलच्या व्हॉल्व्हसारखी छोटी खुंटी असते, तिचे रबर झिजलेले होते. वरचे टोपणही रबराविना होते. गळती शोधणे आणि ती खुंटी बदलणे याला १८० डॉलर, आणि शुद्ध केलेला आर-२२ पौंडाला १३० डॉलर दराने दोन पौंड, म्हणजे २६० डॉलर झाले. वॉरंटीकडे त्यातले वीस डॉलर मागता आले असते, पण त्यासाठी पुन्हा शंभराचे शुल्क भरावे लागणार होते.

गॅस भरताना त्याने वजनकाटा वापरला आणि आकडा बिलावर लिहिला. हा आग्रह प्रत्येकाने धरावा, कारण ‘थोडा टाकला’ याचा हिशेब पुढच्या वर्षी कोणालाच देता येत नाही. शेवटी सुपरहीट १२ आणि तापमानातला फरक १९ आला.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात बाहेर शंभरच्या आसपास असताना खाली ७६ आणि वर ७७-७८ राहिले, आणि स्मार्ट मीटरच्या आलेखात दुपारीही अधूनमधून खाच दिसू लागली. सगळा खर्च मिळून १,५६२ डॉलर झाला, फिल्टर वेगळे. काकांच्या मते हे पैसे मरणाऱ्या घोड्याच्या नालांवर घातले. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. कॉम्प्रेसर एकोणीस वर्षांचा आहे आणि तो कधीही जाऊ शकतो. पण दुसरा रिटर्न आणि दुरुस्त डक्ट नव्या यंत्रालाही लागणारच होते. ते न करता १४,८०० डॉलरचे नवे यंत्र त्याच आवळलेल्या गळ्यावर बसवले असते, तर वरची खोली तशीच तापत राहिली असती आणि मग तक्रार कोणाकडे करायची हेही कळले नसते.

नवे यंत्र २०२५-२६ च्या हिवाळ्यात, कंत्राटदारांना सवड असताना घ्यायचे ठरवले. ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कायद्यानुसार कार्यक्षम एसीवरची कमाल ६०० डॉलरची केंद्रीय करसवलत ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या यंत्रांना मिळत नाही. ती हवी असेल तर यंत्र ठरलेल्या दर्जाचे असावे लागत होते, आणि करविवरणपत्राबरोबर ५६९५ क्रमांकाच्या अर्जात उत्पादकाचा संकेतांकही लिहावा लागत होता. सहाशे डॉलरसाठी घाई करायची की जानेवारीत दर पाडून मागायचे, यावर घरात एकमत नव्हते. २०२५ पासून बनणाऱ्या नव्या यंत्रांत आर-४५४बी किंवा आर-३२ हे गॅस येतात. ते आमच्या जुन्या कॉइलला चालत नाहीत, म्हणून आतला आणि बाहेरचा असे दोन्ही भाग एकदमच बदलावे लागतील.

त्यासाठी दरपत्रक मागताना मी प्रत्येकाला लेखी विचारणार आहे: घराचा उष्णतेचा हिशेब, म्हणजे ‘मॅन्युअल जे’, करून देणार का, की जुने चार टन म्हणून नवेही चार टन, बसवल्यावर दाब, तापमानातला फरक आणि भरलेल्या गॅसचे वजन बिलावर लिहिणार का, आणि यंत्र बसवण्याचा शहराचा परवाना कोणाच्या नावाने निघणार. आतापर्यंत दोघांना विचारून झाले. एकाने तिन्ही प्रश्नांना उत्तर दिले आहे, दुसऱ्याने ‘आज सही केलीत तर’ असे म्हणून सुरुवात केली.